पानी टाकलं का?

शेषरावकाका आमच्याकडे आले की पाण्याचे दोन पेले आणावे लागत. एक ते बसल्या बसल्या संपवत आणि दुसरा हातात घेऊन उठत. अंगणात, आमच्या आणि त्यांच्या घराच्या मधल्या भिंतीला लागून, वीतभर लांबीरुंदीचं एक सिमेंटचं झाकण होतं. ते पायाने सरकवून खालच्या नळीत काका पेला उलटा करत, आत गेलेल्या पाण्याचा आवाज मान तिरकी करून ऐकत आणि मग परत येऊन चहाला हात लावत. नव्या पाहुण्याला हा कसला तरी नवस वाटे. माझ्या मेहुण्याने तर एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की तिथे कोणाला पुरलंय का.

पुरलेला होता तांब्याचा एक पत्रा. आठ फूट खाली, कोळशाच्या आणि मिठाच्या थरांत. आमच्या दोन्ही घरांचं अर्थिंग तिथे उतरत होतं. खड्डा काकांनी स्वतः उभं राहून खणून घेतला होता, आणि तो माझ्या अंगणात होता कारण त्यांच्या अंगणात जागा नव्हती. तिथली सगळी जागा त्यांच्या मुलीच्या चाकांच्या खुर्चीसाठी बांधलेल्या उताराने घेतली होती.

काका मूळचे खाप्याचे. कन्हानजवळच्या एका कोळसा खाणीत त्यांनी उभी नोकरी इलेक्ट्रिशियन म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर प्रताप नगरात, आमच्या शेजारी, लहानसं घर बांधलं. बायको आधीच गेलेली. घरात ते आणि जोती. मी एका कॉलेजच्या कचेरीत हेडक्लार्क. विजेबद्दलचं माझं ज्ञान म्हणजे बटण दाबलं की दिवा लागतो आणि नाही लागला की शेषरावकाकांना हाक मारायची.

आमची ओळख झाली ती कॉम्प्युटरमुळे. माझ्या मुलीसाठी नवा आणला होता आणि सोबत लाल बटणाची पांढरी पट्टी, दुकानदाराने 'हिच्यामुळे काही जळत नाही' असं सांगून गळ्यात मारलेली. काकांनी ती पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"हे काय करते सांगू का, सुधीरभौ? वरून लोंढा आला का हे त्याले उचलते अन् जमिनीत फेकते. आता जमीनच नसन तर कोठी फेकन? तुमच्याच मांडीवर."

मग त्यांनी खिशातून एक शंभराचा बल्ब काढला. होल्डरमध्ये बसवलेला, त्याला दोन उघड्या वायरी. एक वायर सॉकेटच्या एका भोकात आणि दुसरी अर्थिंगच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब लागला नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला आपण घर न बांधता नुसतं चित्र काढलंय असं वाटलं.

"करंट कोनाचा दुश्मन नाई जी," ते म्हणाले. "त्याले फक्त घरी जायचं रायते, जमिनीत. रस्ता द्या. नाई देला तर थो तुमच्या घरातून रस्ता काढन."

त्या उन्हाळ्यात खड्डा झाला. दोन्ही घरांच्या मीटरपाशी त्यांनी एकेक करडी डबी बसवली, आलेला जादा दाब खड्ड्याकडे वळवणारी, आणि दोन्ही डब्यांपासून करंगळीएवढ्या जाडीची तार खड्ड्यात उतरवली. नंतर तोच बल्ब लावून दाखवला तेव्हा तो लख्ख पेटला. फक्त एक अट होती. आमच्याकडची काळी माती मे महिन्यात अशी फाटते की भेगेत हात जावा, आणि सुकलेली माती वीज घेत नाही. म्हणून खड्ड्याला रोज पाणी. मी चार दिवस टाकलं आणि विसरलो. काका विसरले नाहीत. रोज सकाळी आठच्या सुमाराला भिंतीपलीकडून त्यांचा हात लोटा घेऊन येई, आणि त्यांच्या खिडकीतून जोतीचा आवाज येई.

"बाबा, पानी टाकलं का?"

"टाकलं वं."

ही दोन वाक्यं मी इतकी वर्षं ऐकली, की त्यांच्यावर मी घड्याळ लावत असे.

जोतीला लहानपणापासून स्नायूंचा आजार. आधी पाय गेले, मग खांदे. हाताची बोटं तेवढी शाबूत होती, त्यांवर ती घरबसल्या मराठी टायपिंगची कामं करायची. खिडकीशी पलंग, पलंगाला लागून टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. तिचं जग तेवढंच होतं, असं मी लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. आमच्या गल्लीत कोणाकडे काय शिजतंय, कोणाचं कोणाशी वाजलंय, हे तिला माझ्या बायकोच्या आधी कळे. आवाज खणखणीत. खिडकीतून माझी फिरकी घ्यायची: "दादा, आज टिफिनात भरलं वांगं हाये. वहिनीनं दोन डाव तेल टाकलं, मी आवाजावरून सांगतो." खाप्याकडे मुली 'सांगतो, करतो' असंच बोलतात, आणि जोती तर मुद्दाम ठासून बोलायची.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की आजार आता जिभेकडे वळतो आहे. वर्षभर आवाज राहील, पुढचं सांगता येत नाही. काकांनी हे मला भिंतीशी उभं राहून सांगितलं, लोटा हातातच होता. पाणी टाकायचं राहून गेलं आणि आतून जोतीने तीनदा विचारलं.

मग जोतीनेच शोधून काढलं की बाहेरगावी एक संस्था आहे. आपण आपल्या आवाजात त्यांनी दिलेली हजारभर वाक्यं वाचून साठवायची. पुढे बोलता येईनासं झालं की ते लोक त्या साठ्यावरून एक मशीन तयार करतात, आणि आपण टाइप केलेलं ते मशीन आपल्याच आवाजात बोलतं. दिवाळीनंतर तिने सुरुवात केली. दुपारी दारं लावून, पंखा बंद करून ती वाचत बसे. काका त्या वेळात पायरीवर पहाऱ्याला बसत आणि भाजीवाल्याला हाताने पुढे जा म्हणून खुणावत.

वाक्यांवरून बापलेकीत एकदा वाद झाला, तो मी ऐकला आहे. कागदावर लिहिलेलं होतं, 'मला पाणी हवे आहे.' जोतीने वाचलं, "मले पानी पायजे."

"अवं, पुस्तकासारखं बोल ना," काका कळवळून म्हणाले. "शिकल्या लोकांनी देलं हाये. काहून बदलून राह्यली?"

"मंग मशीनीत बोलन कोन, बाबा? मी का थे शिकलेले लोक?"

काका माझ्याकडे पाहून हसले. शेवटी तिने प्रत्येक वाक्य दोन्ही परींनी वाचलं, एकदा त्यांचं आणि एकदा आपलं. होळीपर्यंत चाळीसेक वाक्यं सोडून सगळं झालं होतं. पण तोवर तिचा आवाज ओला झाला होता, शब्द एकमेकांत मिसळायला लागले होते. जोती म्हणत होती, झालंय तेवढं इंटरनेटवरून पाठवून देऊ. काका म्हणाले, "अर्धा आवाज काहून पाठवावं? पुरं होऊ दे. आपल्या घरी हाये, सुरक्षित हाये." त्यांनी एक जादा डिस्क आणून तिच्यावर सगळ्याची एक नक्कल करून ठेवली होती, आणि ती डिस्कही त्याच कॉम्प्युटरला जोडलेली असे. त्यांचा विश्वास त्या खड्ड्यावर होता.

एप्रिलच्या सुरुवातीला खाप्याला काकांच्या बहिणीचे यजमान वारले. काका तेरवीपर्यंत तिकडे राहिले. जोतीजवळ कामाला येणारी बाई होती. आणि त्याच पंधरा दिवसांत मी माझ्या अंगणात फरशी बसवून घेतली.

मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मे महिन्यात घरीच ठरलं होतं. मंडप अंगणात. सुनंदाने, माझ्या बायकोने, निळ्या वेलबुट्टीची फरशी पसंत केली होती. नक्षी एका फरशीतून दुसरीत जाणारी, त्यामुळे मध्ये खंड पडला तर दिसणार. भिंतीशी आल्यावर मिस्त्री थांबला.

"साहेब, हा गड्डा?"

मी वर्तमानपत्रातून मान वर केली. मला आठवतं, अगदी स्पष्ट आठवतं, की मी क्षणभर विचार केला होता. मग म्हणालो, "झाका. पत्रा तर खालीच आहे ना, तो कुठे जातो?"

हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात म्हटलंय याला सुमार नाही. विजेचं काही न कळणारा माणूस एवढ्या खात्रीने बोलू शकतो, याचं मला आजही नवल वाटतं.

काका खाप्याहून आले ते आधी लोटा घेऊन भिंतीशी आले. फरशी पाहिली. मग आमच्याकडे आत आले, बल्ब काढला आणि माझ्याच सॉकेटला लावला. बल्ब पेटला, पण विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, नुसती तार लाल दिसेल एवढाच.

"पंधरा दिसांत एवढी सुकली जी माती," ते म्हणाले. "एक फरशी काढू द्या, सुधीरभौ. पुरी नाई, कोपरा. वीतभर. मी सोताच कापतो, तुमाले त्रास नाई."

सुनंदा आतून बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काका, साक्षगंध होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उभा राहून कापून घेतो. महिन्याभराचा तर प्रश्न आहे."

ते मान हलवत उठले. भांडले असते तर बरं झालं असतं. पण ज्याच्या घरी मुलीचं शुभकार्य आहे त्याच्याशी काय भांडायचं, असा त्यांचा स्वभाव. त्या महिन्यात ते रोज माझ्या फरशीच्या कडेला, भिंत आणि फरशी यांच्या सांध्यात, लोटाभर पाणी ओतत राहिले. ते पाणी निळ्या वेलबुट्टीवरून वाहत फाटकाबाहेर जाई. आतून जोती आता स्पष्ट न राहिलेल्या आवाजात विचारायची, आणि काका "टाकलं" म्हणायचे.

साक्षगंधाच्या दिवशी काका पांढरंशुभ्र धोतर नेसून आले. वडीलधारा शेजारी म्हणून मी त्यांना पंगतीत व्याह्यांच्या शेजारी बसवलं. घरी जोती एकटी, कारण तिची बाईही आमच्याकडेच जेवायला आली होती. कॉम्प्युटर चालू होता. मंडपातली गाणी थांबली की राहिलेल्या वाक्यांपैकी जमतील तेवढी वाचू, असं तिने त्या दिवशी ठरवलं होतं.

दुपारचा एक वाजला असेल. वाढपी बुंदी घेऊन फिरत होते. अचानक उकाडा दाटला, आभाळ पश्चिमेकडून काळं झालं आणि लांब कुठे तरी गडगडलं. काकांचा हात ताटावरच थांबला. ढग दिसला की प्लग काढायचा, हा त्यांचा नियम होता. जोतीला तो प्लग काढता येत नव्हता.

ते उठायला लागले. मी मागेच उभा होतो. पंगतीतून वडील माणूस मध्येच उठला तर व्याह्यांना काय वाटेल, हे माझ्या डोक्यात आलं, दुसरं काही आलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.

"काका, पंगत उठू द्या. पाच मिनिटं."

"पोट्टी एकटी हाये जी."

"पाचच मिनिटं, काका."

ते बसले. माझ्या शब्दाला मान देऊन बसले. नंतर किती वेळ गेला मला माहीत नाही, पण पाच मिनिटं खासच गेली नव्हती. पाण्याचा एक थेंब नाही, आणि डोक्यावर फुटावं तशी वीज पडली. मंडपातले दिवे गेले, लाऊडस्पीकरमधून धूर आला, बायका किंचाळल्या. काका बुंदीच्या ताटावरून उठून धावले. त्या वयात माणूस धावतो तसे, धोतर सावरत.

आमचं काय गेलं? मंडपवाल्याचा लाऊडस्पीकर आणि दिव्यांची माळ. आमचा कॉम्प्युटर पाहुण्यांसाठी जागा करताना काढून कपाटात ठेवला होता. जोतीच्या कॉम्प्युटरमधून आणि त्याला जोडलेल्या डिस्कमधून जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. तिला काही झालं नव्हतं. ती पडद्याकडे पाहत होती आणि काका टेबलाखाली बसून, आता काढून काहीही उपयोग नसलेला प्लग हातात धरून होते.

दोन्ही डिस्क इथल्या दुकानात दाखवल्या, मग पुण्याला पाठवल्या, तिथून आणखी कुठे. महिन्याभराने त्या एका खोक्यात परत आल्या. जोतीने पुन्हा वाचायचा प्रयत्न केला. तीन दिवसांनी तिने स्वतःच माईक बाजूला करायला सांगितलं. त्या लोकांना लागतो तसा आवाज तिच्या गळ्यात आता उरला नव्हता.

साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दिलेल्या शब्दाप्रमाणे, मी मिस्त्री बोलावून फरशी फोडली. आवाज ऐकून काका बाहेर आले. त्यांच्या हातात त्यांच्या मीटरजवळची करडी डबी होती, काळी पडलेली. ती त्यांनी भिंतीवर ठेवली.

"यानं त्याचं काम केलं जी," ते म्हणाले. "रस्ताच बुजला होता."

त्यानंतर त्यांनी मला एका शब्दानेही काही म्हटलं नाही. ते येत, बसत, चहा घेत. मी दोन पेले पाणी आणून ठेवायचो. एक ते पीत. दुसरा तसाच राहायचा. एकदा मी तो त्यांच्या हातात देऊ केला तेव्हा म्हणाले, "आता काय राखाचं हाये तथी?" तेव्हापासून खड्ड्याला पाणी मी टाकतो. भिंतीपलीकडून तो हात पुन्हा कधी आला नाही.

श्रावणात संस्थेकडून मशीन आलं, तयार आवाजाचं. कुठल्या तरी सुशिक्षित बाईचा आवाज, बातम्या सांगणारा, प्रत्येक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखा. जोतीच्या बोटांचीही ताकद गेल्यामुळे ती गालाजवळच्या एका बटणाने अक्षरं निवडायची. मशीन म्हणायचं, 'बाबा, मला पाणी हवे आहे.' आणि काका आधी दाराकडे पाहायचे, कोण आलं म्हणून. मग त्यांच्या लक्षात यायचं आणि ते धडपडत उठायचे. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं. शेवटपर्यंत त्यांना त्या आवाजाची सवय झाली नाही.

"आवाज चांगला हाये," ते मला म्हणाले होते. "पन त्याले 'मले' म्हनता येत नाई. मी टाइप करून पाह्यलं. अडखळते."

त्या थंडीत काका गेले. साधा ताप आला, चार दिवस अंगावर काढला आणि मग उठलेच नाहीत. औषध घ्या म्हटलं तर भिंतीकडे तोंड करत. खाप्याहून बहीण आली होती, ती आता जोतीजवळच राहते. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, जोतीकडे लक्ष ठेवा म्हणतील.

"फरशीचं मी तिले सांगतलं नाई," ते हळूच म्हणाले. "वीज मोठी होती, एवढंच सांगतलं. अन् पाठवू नको म्हनलं, थे माह्यं चुकलं, थे बी सांगतलं. तुमचं तुमी सांगा. हिंमत होईन तवा."

हिंमत व्हायला मला तीन महिने लागले. रोज सकाळी मी पाणी टाकायचो, खिडकीतून त्या परक्या बाईचा आवाज यायचा, 'दादा, पाणी टाकले का?' आणि मी हो म्हणून घरात पळायचो.

मार्चमध्ये एका रविवारी सकाळी मी तिच्याकडे गेलो. आत्याबाई आत भाकरी थापत होत्या. मी पलंगाशी स्टूल ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. मिस्त्रीचा प्रश्न, माझं उत्तर, काकांचा बल्ब, वीतभर कोपरा, आणि पंगतीत त्यांच्या खांद्यावर ठेवलेला हात. काही वगळलं नाही. सांगताना माझा आवाज चिरकला, त्याचीही मला लाज वाटली. निदान चिरकायला माझ्याजवळ तो होता.

जोती बटणावर गाल टेकवून अक्षरं निवडायला लागली. एकेक अक्षराला टिक असा आवाज. मी वाट पाहत राहिलो. खिडकीतून माझं अंगण दिसत होतं, निळी वेलबुट्टी आणि तिच्यातला तो फोडलेला चौकोन. इथून सगळंच दिसतं, हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं.

मशीन बोललं.

'मला माहीत होते. फरशी बसवत होते तेव्हा मी खिडकीतून दोन वेळा हाक मारली होती. तुम्हाला ऐकू आली नाही.'

ती हे रागाने म्हणाली, की रडत, की जाऊ द्या दादा अशा अर्थाने, मला कळलं नाही. तो आवाज पावसाचा अंदाज सांगावा तसा सांगून थांबला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पण चेहऱ्याचे स्नायूही आता तिचं ऐकत नाहीत. तिचा स्वतःचा आवाज असता तर पहिल्या शब्दातच समजलं असतं. शिवी असती तरी मी ती घेतली असती.

पुन्हा टिक टिक सुरू झालं.

'दादा, पाणी टाकले का?'

त्या सकाळी टाकायचं राहिलं होतं. मी उठलो आणि लोटा आणायला घरी आलो.